दुसरी वायर

७ जानेवारी

हे कामाचं पत्र आहे, तेव्हा फाडू नकोस. पत्ता मावशीनं दिला. तिला बोल लावू नकोस. मी तिच्या घरी तासभर ठाण मांडून बसलो, तेव्हा कुठे तिनं पाठकोऱ्या कागदावर लिहून दिला. माझा नंबर तू बंद करून ठेवलायस हे मला माहीत आहे, म्हणून पत्र.

तुझा कॉम्प्युटर आपला आपण रीस्टार्ट होतोय.

सुरुवातीपासून सांगतो. मागच्या आठवड्यात आईचं कपाट आवरायला काढलं. ऑगस्टपासून हात लावला नव्हता. खालच्या कप्प्यात, स्वेटरांच्या खाली, एक चपटा खोका निघाला, त्यावर दोन पंख्यांचं चित्र. मला वाटलं, हिनं टेबलफॅन घेऊन ठेवला की काय. उघडून बघतो तर तुझं ते ग्राफिक्स कार्ड. ज्याच्यासाठी तू वर्षभर भुणभुण लावली होतीस आणि मी "आहे ते काय वाईट आहे" म्हणून उडवून लावायचो, तेच. आत पावती होती, जूनमधली, तिच्या नावावर. तू सुट्टीला आलास की द्यायचं तिच्या मनात असणार. मला तिनं सुगावा लागू दिला नाही.

मी ते बसवलं. तुला विचारलं नाही, हे खरं. पण तिनं आणलेली वस्तू खोक्यात पडून राहणं मला बघवेना. तीस वर्षं लिफ्टची पॅनेलं जोडतोय, तेव्हा दोन स्क्रू आणि एक वायर म्हणजे काही आभाळ कोसळलं नव्हतं. बसवता बसवता तू आत वायरींचा जो गुंताडा करून ठेवला होतास तोही आवरला. जादा वायरी काढल्या, त्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या. आता झाकण उघडशील तर आत कसं पॅनेलसारखं स्वच्छ दिसतं.

चालू होतो. फोटो बघा, टाइप करा, काही तक्रार नाही. पण तुझा तो ट्रक चालवायचा खेळ लावला की चार-पाच मिनिटांत पडदा काळा होतो आणि कॉम्प्युटर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बहुतेक वेळा मोठा पूल आला की. ट्रकचा खेळ मी कशाला लावला असं विचारशील. कार्ड तपासायला. दुसरं काही नाही.

काय करू ते चार ओळींत कळव. इकडे बाकी... ते वाक्य मी आता लिहीत नाही.

बाबा


२३ जानेवारी

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी मागितल्या होत्या, तू मोजून चार पाठवल्यास. वर नाव नाही, खाली सही नाही. पण अक्षर तुझंच होतं, घाईत लिहिल्यासारखं, सगळ्या ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. शाळेपासून तसंच आहे.

सांगितलंस तसं केलं. जुन्या कार्डाचं सॉफ्टवेअर काढून नव्याचं टाकलं, त्यात रविवारची सकाळ गेली. मध्ये मध्ये तो प्रश्न विचारत होता, मी सगळ्याला हो म्हणत गेलो. मग तापमान बघितलं. पूल यायच्या आधी चौसष्ट अंश. बाजूचं झाकण काढून टेबलफॅन समोर ठेवला, तर अठ्ठावन्न. तरी पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी पडदा काळा. म्हणजे उष्णतेचं दुखणं नाही. चौथ्या ओळीत तू लिहिलंयस, विनाकारण चालू-बंद करू नका, आतली दुसरी डिस्क जुनी आहे. बरं.

ट्रकमध्ये मी आता बऱ्यापैकी तरबेज झालोय. मागे घेताना ट्रेलर उलट्या बाजूला वळतो हे समजायला तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी पेट्रोलपंपच आडवा केला. आई असती तर पदर तोंडाला लावून हसत बसली असती.

तुझ्या खोलीतच बसतो. खुर्ची थोडी खाली केलीय, माझे पाय टेकत नव्हते. आलास की वर करून घे.

आलास की, असं लिहून गेलो. खोडत नाही. आमच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, हे तुला माहीत आहे. पुढे काय बघू ते कळव.

बाबा


९ फेब्रुवारी

पॉवर सप्लायवर साडेसातशे वॅट लिहिलंय. या कार्डाला तेवढे पुष्कळ झाले असं तू लिहितोस. मग चष्मेवाल्यालाही विचारलं. चष्मेवाला म्हणजे बँकेखालच्या दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो. तोही म्हणाला, "काका, वॅट भरपूर आहेत, दुसरीकडे कुठेतरी पाणी मुरतंय." घेऊन या म्हणाला. मी नाही म्हटलं. घरचं आहे, घरीच बघू.

आमच्या कामात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, तर जे यंत्र ती थांबवतं त्याला शिव्या घालू नका. त्याला काहीतरी झेपलेलं नाही, म्हणून त्यानं हात वर केले. काय झेपलं नाही ते शोधा. मी नव्या पोरांना हे शंभरदा ऐकवलं असेल. स्वतःच्या घरात मात्र कुणी हात वर केले की माझा आवाज चढायचा.

हे कामाचं पत्र आहे असं मी म्हटलं होतं. तरी आज थोडं दुसरं लिहितो.

ऑगस्टमध्ये तू रोज संध्याकाळी फोन करायचास. आईला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय हे तुला सांगितलं नव्हतं. पहिले काही दिवस ती खाटेवरूनच तुझ्याशी बोलायची, घरी भांडी घासता घासता बोलत असल्यासारखी. नर्स आली की फोनवर हात ठेवायची. नंतर तिला बोलवेना, मग मी घ्यायचो. "झोपलीय. सगळं ठीक आहे." अकराव्या दिवसापर्यंत मी हे वाक्य म्हणत राहिलो. बाराव्या दिवशी मावशीनं तुला कळवलं. तू पोचलास तेव्हा आम्ही तिला पोचवून परत आलो होतो. तू जिन्याच्या पायरीवर बसला होतास, बॅग मांडीवर धरून. तू रडलाही नाहीस. एवढंच विचारलंस, "बाबा, काल संध्याकाळी तुम्ही मला काय म्हणालात?"

 तू बॅग उचललीस आणि मावशीकडे गेलास.

तिनंच मला सांगितलं होतं, त्याला कळवू नका, नवी नोकरी आहे, उगाच धावत येईल. मी तिचं ऐकलं. त्या दिवसापासून ठरवलंय, जे घडलं नाही ते सांगायचं नाही. कुणाला नाही. कॉम्प्युटरबद्दलसुद्धा मी लिहितो ते जसंच्या तसं घडलेलं असतं, एवढं धरून चाल.

बाबा


२६ फेब्रुवारी

या वेळी तुझ्या सात ओळी आल्या. सहा कामाच्या, आणि सातवीत विचारलंयस, कंबर कशी आहे. कंबर जशी होती तशीच आहे. वाकून खोक्यात डोकं घातलं की बोलते, पण चालतंय.

मेमरीच्या पट्ट्या तू सांगितल्याप्रमाणे एक एक काढून बघितल्या. पहिली ठेवून लावला, रीस्टार्ट झाला. दुसरी ठेवून लावला, रीस्टार्ट झाला. जागा बदलल्या, तरी तेच. काल दिवसभरात सहा वेळा झाला, आज तीन वेळा. वेळा लिहून ठेवल्यात, मागच्या पानावर बघ. खरं आहे हे सगळं.

घाई करू नकोस. तुला सवड होईल तसं लिही. पुढची चाचणी थोडी मोठी असली तरी माझी हरकत नाही.

रविवार जरा बरे जातात.

बाबा


१५ मार्च

तुझं पत्र काल दुपारी आलं. चिठ्ठी नव्हती, पूर्ण पानभर पत्र होतं, आणि वर 'बाबा' लिहिलं होतं. जिन्यातच उभ्या उभ्या वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा बरं वाटलं, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा खाली बसलो.

तू लिहिलंयस, जुन्या डिस्कवर 'आई' नावाचा एक फोल्डर आहे. तू खेळताना खेळाचं रेकॉर्डिंग करायचास, आणि ती खोलीत येऊन काही बोलली की माइक तेही पकडायचा. जेवायला चल, खिडकी लाव, हा कोण रे मिशीवाला. ते ते तुकडे तू कापून वेगळे ठेवलेस, त्रेसष्ट तुकडे. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. कॉम्प्युटर एकदाचा नीट चालला की ते कॉपी करून पाठवा, तोवर डिस्कला हात लावू नका, मध्येच बंद पडला तर खराब होईल, म्हणून मी थांबलोय, असं तू लिहिलंयस. म्हणून तू मला उत्तरं देत होतास हे मला कळलं. तरी तू दिलीस, हेही कळलं.

आता मी सांगतो ते शेवटपर्यंत वाच.

दोष मला ११ फेब्रुवारीलाच सापडला होता.

नव्या कार्डाला वीज घ्यायला दोन तोंडं आहेत. प्रत्येकाला वेगळी वायर यायला हवी. पण तुझ्या सप्लायच्या एका वायरीला पुढे दोन फाटे होते. मी म्हटलं, वा, एकीतच काम होतंय. ती दोन्हीकडे खोचली आणि दुसरी वायर जादा म्हणून डब्यात टाकली. वायरींची गर्दी मला खपत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी पूल येताना सहज आत हात घातला, तर ती वायर गरम. कोमट नाही, बोट मागे घ्यावं इतकी गरम. सगळा भार तिच्या एकटीवर. मी डब्यातून दुसरी काढली, लावली, ट्रक पुलावरून नेला. पूल पार झाला. तासभर चालवला. एकदाही बंद पडला नाही.

मग मी तुला पत्र लिहायला बसलो. 'दोष मिळाला, काम झालं.' एवढीच नोंद. आणि मला दिसलं की याच्यानंतर तुझी चिठ्ठी येणार नाही. काम संपलं की तू कशाला लिहिशील?

बिघाड आहे असं नुसतं लिहून टाकता आलं असतं. पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलं होतं ना. म्हणून मी दुसरी वायर परत काढली. ट्रक लावला, पूल आला, पडदा काळा झाला. आणि मग तुला लिहिलं, रीस्टार्ट झाला. एकेक वेळ खरी होती. महिनाभर, कधी दिवसाला तीन वेळा, कधी सहा वेळा मी तो हातानं पाडला, आणि वेळा लिहिल्या, आणि तुला पाठवल्या. डिस्क जुनी आहे असं तू जानेवारीत लिहिलं होतंस. मी ते वाचलं होतं, 'बरं' असं उत्तरही दिलं होतं. त्यावर काय आहे ते मी विचारलं नाही.

काल तुझं पत्र वाचून वर आलो, दुसरी वायर लावली, कॉम्प्युटर सुरू केला. तो छान सुरू झाला. जुनी डिस्क दिसत नाही. आतून टक्‌ टक्‌ असा आवाज येतो, थांबतो, परत येतो. मी लगेच बंद केलं. आज सकाळी चष्मेवाल्याकडे डिस्क नेऊन दिली. त्यानं कानाला लावून ऐकली. तो एरवी फार बोलतो. आज नुसती पावती लिहून दिली.

आपल्या घराचंही असंच होतं. तुला मला काही सांगायचं असलं की तू तिला सांगायचास, मला तुला काही म्हणायचं असलं की मीही तिलाच म्हणायचो. "सांग तुझ्या लेकाला." ती दोन्हीकडचं वाहायची. गरम झाली असेल. मी कधी हात लावून बघितलं नाही.

आणि ९ फेब्रुवारीच्या पत्रात मी अर्धंच लिहिलं होतं. कळवू नका असं ती म्हणाली होती, पण ते सुरुवातीच्या चार दिवसांत. सहाव्या दिवशी ती म्हणाली, आता बोलवा त्याला. सातव्या दिवशी पण म्हणाली. मी हो म्हणालो आणि तुला फोनवर सगळं ठीक आहे म्हणालो. तुला बोलवायचं म्हणजे ती जाणार हे तोंडानं म्हणायचं. मला ते म्हणवलं नाही. तिनं तुझी वाट बघितली. हे तुला कधी ना कधी सांगायलाच हवं होतं, आणि आता लपवून वाचवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

बाबा


४ एप्रिल

तुझं उत्तर आलेलं नाही. मी तशी अपेक्षा धरली नव्हती. टपालपेटी मात्र रोज बघितली.

सोबत पेनड्राइव्ह आहे. कागदात नीट गुंडाळलाय, वरून चिकटपट्टी लावलीय. उघडताना कात्री जपून लाव.

चष्मेवाल्यानं अठरा दिवस खटपट केली. बिघडलेल्या डिस्कांतलं काढून देणाऱ्या एका माणसाकडेही ती पाठवली होती, त्यानंही हात टेकले. नावं सगळी दिसतात, त्रेसष्टच्या त्रेसष्ट. 'आई खिडकी'. 'आई मिशीवाला'. 'आई जेवण', एक ते एकोणीस. 'आई गाणं', हे मला माहीतच नव्हतं. ती काय म्हणत होती रे? मी त्याला तीन-तीनदा दाबायला लावलं. उघडत नाहीत. त्यातली फक्त एक फाइल उघडली. पाच मिनिटांची आहे. तिला तू नावच दिलं नव्हतंस, नुसता आकडा आहे.

दुकानात मी ती ऐकली नाही. घरी आणून, तुझ्या खोलीत, तुझे हेडफोन लावून ऐकली.

तू ट्रक चालवतोयस. काचेवर पाऊस आहे, वायपर चाललेत. तू कुणालातरी समजावून सांगतोयस की ओल्या रस्त्यावर ब्रेक हळूहळू दाबायचा. किती शांतपणे सांगतोस. तू असं कुणाला शिकवतोस हे मी कधी ऐकलं नव्हतं. चार मिनिटं तेच आहे. मग दार आपटल्याचा आवाज येतो, आणि मी.

माझा आवाज इतका मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी ओरडतोय, "बंद कर तो खोका. घोडा झालास तरी दिवसभर खोटे ट्रक हाकत बसलायस. लाज वाटत नाही का?" आणखी बरंच आहे, ते तुला पाठ असेल.  वायपर तेवढे चालू आहेत. मग दारातून ती येते. माझं बोलणं संपायच्या आधीच ती बोलायला लागते.

"अहो, हळू. त्याचं रेकॉर्डिंग चालू आहे. उद्या ऐकलं तर तुमचाच आवाज राहील त्यात."

आणि थोडं हसते. मग संपतं.

मी ते किती वेळा ऐकलं ते लिहीत नाही. हे तू आईच्या फोल्डरमध्ये का ठेवलं होतंस ते मला समजलं. तेवढं हसणं हवं होतं तुला, आणि त्यासाठी तू माझं सगळं सांभाळून ठेवलंस.

माझा भाग काढून तुला पाठवावा असं मनात होतं. चष्मेवाला म्हणाला, करून देतो, दोन मिनिटांचं काम आहे. मी नको म्हटलं. त्याच्या हातून थोडं जरी जास्त गेलं असतं तर परत कुठून आणायचं? तुझा हात बसलेला आहे. त्रेसष्ट वेळा तू कापलंयस.

कॉम्प्युटर नीट चालतोय. दोन्ही वायरी लावल्यात. मी आता तो लावत नाही. खुर्ची परत वर करून ठेवलीय.

तिचं 'अहो' माझ्या शेवटच्या शब्दावर चढलेलं आहे, तेव्हा तिथे सावकाश काप. माझं थोडं राहिलं तर राहू दे, पण तिचं तुटू देऊ नकोस.

बाबा